शिआनच्या तटबंदीतील हॉटेल

सोमवार

बीजिंगहून शिआनला येणारी वेगवान रेल्वे साधारण बाराशे किलोमीटरचे अंतर साडेचार-पाच तासांत कापते आणि शिआन उत्तर स्थानकावरून मेट्रोची दोन क्रमांकाची मार्गिका थेट जुन्या शहराच्या दक्षिण दरवाजापर्यंत, म्हणजे योंगनिंगमनपर्यंत आणून सोडते. प्रवासाचा हा भाग इतका सुरळीत पार पडला की त्याविषयी लिहिण्यासारखे काही उरले नाही. लिहिण्यासारखे सुरू झाले ते हॉटेलच्या स्वागतकक्षात.

परदेशी नावाच्या पंचतारांकित हॉटेलात उतरले की माणूस चीनमध्ये आहे की दुबईत हे कळत नाही, म्हणून आम्ही उभयतांनी मुद्दाम एका चिनी साखळीतील, चिनी प्रवाशांसाठीच चालवलेले मध्यम दर्जाचे हॉटेल निवडले होते. दर न्याहारीसह रोजचे 380 युआन, म्हणजे सुमारे साडेचार हजार रुपये. पूर्वी अशी अनेक हॉटेले ‘परदेशी पाहुणे ठेवण्याची आम्हाला परवानगी नाही’ असे सांगून प्रवाशाला सामानासकट दारातूनच परत पाठवत असत. 2024 मध्ये चिनी सरकारने या सबबीवर परदेशी पाहुण्यांना नाकारू नये असे बजावले, तेव्हापासून परिस्थिती सुधारली आहे. तरीही आरक्षण करताना हॉटेलला संदेश पाठवून पासपोर्टवर खोली मिळेल ना, हे विचारून घेतलेले बरे.

स्वागतकक्षात एका बाजूला तीन यंत्रे उभी होती. चिनी पाहुणा येतो, ओळखपत्र यंत्रावर ठेवतो, कॅमेऱ्याकडे पाहतो आणि अर्ध्या मिनिटात चावीचे कार्ड घेऊन लिफ्टकडे निघतो. आमच्या पुढचे पाच-सहा जण असे भराभर गेले आणि आमच्यापाशी येऊन सगळे थांबले. परदेशी पाहुण्याची नोंद चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे जावी लागते. हॉटेलात उतरल्यास ती हॉटेलने करायची, कुणाच्या घरी उतरल्यास पाहुण्याने स्वतः पोलीस चौकीत जाऊन करायची, असा तिथला कायदा आहे. त्यासाठी पासपोर्टचे पान, व्हिसा आणि देशात शिरतानाचा शिक्का या तिन्हींची छायाचित्रे घेतली गेली. इथपर्यंत ठीक होते. पण महाराष्ट्रीय नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा जो ऐसपैस संसार असतो, तो संगणकाच्या रकान्यात मावेना. काउंटरवरच्या मुलीने आधी स्वतः प्रयत्न केला, मग शेजारणीला विचारले, मग फोनवरून कुणा वरिष्ठाचा सल्ला घेतला. मधल्या काळात आमच्यासमोर कागदी पेल्यांतून गरम पाणी आले आणि बसायला खुर्च्याही आल्या. तीनशे युआनची अनामत अलीपेवर, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याच्या चिनी अ‍ॅपवर, अडकवून ठेवण्यात आली आणि अखेर कार्ड हाती पडले. या सगळ्यात तिच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसला नाही, हे नमूद केले पाहिजे. आपल्याकडे रांग अडवून बसलेल्या माणसाला इतके सांभाळून घेतले जात नाही.

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यानंतर एकदम पाचवा येतो, कारण चार हा आकडा चिनी भाषेत मृत्यूच्या शब्दासारखा ऐकू येतो आणि तो अनेक इमारतींत गाळलेला असतो. त्यामुळे आमचा आठवा मजला मोजायला गेल्यास सातवाच. त्याहून उंच इमारत इथे उभी राहण्याची शक्यताही कमी, कारण तटाच्या आतील बांधकामाच्या उंचीवर बंधने आहेत.

खोलीत शिरून कार्ड भिंतीतल्या खाचेत खोचले की दिवे लागतात, पडदे आपोआप सरकतात आणि पलंगाशेजारचा बोलका डबा चिनी भाषेत स्वागत करतो. गप्प बसण्याची आज्ञाही तो चिनीतच ऐकतो. पत्नीने त्याची वायर काढून ठेवली आणि तो प्रश्न मुक्कामापुरता मिटला. खोलीला खिडकी होती. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण चीनमध्ये बिनखिडकीच्या खोल्या थोड्या कमी दरात राजरोस विकल्या जातात, आणि काही खोल्यांची खिडकी इमारतीच्या आतल्या बोळात उघडते. आरक्षणाच्या पानावर ही माहिती स्वतंत्र दिलेली असते. दर पाहून हुरळून जाण्याआधी ती वाचावी. आमच्या खिडकीतून एसीच्या पेट्यांची एक रांग, कुणीतरी वाळत घातलेली रजई आणि त्यापलीकडे तटाच्या बुरुजाचे कौलारू टोक दिसत होते. हा तट चौदाव्या शतकातील मिंग काळातला असून त्याचा घेर जवळजवळ चौदा किलोमीटर आहे.

पलंग टणक होता, पाठीला मानवणारा. कपाटात दोन लाल डबे होते. त्यांत आग लागल्यास डोक्यावर चढवायचे धूररोधक मुखवटे असतात, आणि ते पाहून आधी धास्ती व मग दिलासा वाटतो. मांडणीवर झटपट नूडल्स, कागदी अंतर्वस्त्रे आणि निरोधची पाकिटे शेजारी शेजारी, प्रत्येकावर किमतीसह क्यूआर कोड. न्हाणीघर व शयनकक्ष यांच्यामध्ये भिंतीऐवजी काच होती, जी बहुधा तरुण जोडप्यांना रम्य वाटत असावी. साठी उलटलेल्या जोडप्याने पडदा ओढून घेतला. कमोड मात्र विजेवर चालणारा, बसायला उबदार आणि पाण्याचा फवारा देणारा निघाला. कागदावर भागवावे लागणार या चिंतेने घरून आणलेला प्लास्टिकचा तांब्या पिशवीतच राहिला. बटणांवरची अक्षरे चिनी असली तरी चित्रे बोलकी होती.

मंगळवार

न्याहारी साडेसहाला सुरू होते आणि सात वाजता सहलीच्या बसची मंडळी उतरली की अंड्यांचे पातेले रिकामे होते, म्हणून लवकर जावे. पहिल्या फेरीत नजर भिरभिरते: राळ्याची पिवळी पेज, सोयाचे गरम दूध, तळलेले लांबट यौथ्याव, चहात उकडलेली अंडी, काकडीची लसूण घातलेली कोशिंबीर, उकडलेले शेंगदाणे, वाफवलेली रताळी, मक्याची कणसे, जांभळा कोनफळासारखा कंद आणि मानथोउ नावाचे बिनमिठाचे, पांढरेशुभ्र, वाफवलेले गोळे. आपल्याकडे राळे आता औषधाच्या नावाखाली महाग विकले जाते. तिथे ते रोजच्या पेजेत मोठ्या पिंपातून वाढले जात होते.

पत्नी शाकाहारी आहे, आणि इथून पुढे गोष्ट अवघड होते. हिरव्या पालेभाजीत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, घेवड्यात खिमा, आणि जे दिसायला निव्वळ भाजी ते कधी कधी चरबीत परतलेले. पदार्थांपुढच्या इंग्रजी पाट्यांवर विसंबणे धोक्याचे होते. मोबाइलवर आम्ही आधीच चिनीत एक वाक्य लिहून ठेवले होते: मांस नको, मासे नकोत, अंडे नको, प्राण्याची चरबी नको. नूडल्स उकळणाऱ्या आचाऱ्याला ते दाखवले. त्याने ते सावकाश वाचले, समोरच्या मोठ्या पातेल्याकडे बघून मान हलवली, आत जाऊन लहान पातेले आणले, त्यात बाटलीतले पाणी ओतले आणि नूडल्स व पालेभाजी वेगळी उकळून दिली. वर शिर्का, लसूण आणि शान्शी प्रांताचे ते लालभडक तिखट तेल. तेलाला त्याने बोटाने नकार देण्याची खूण करून विचारले, पत्नीने उलट दोन चमचे घाला अशी खूण केली, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दारात दिसताच लहान पातेले शेगडीवर चढत असे. मानथोउच्या जोडीला घरून नेलेली सोलापुरी शेंगदाण्याची चटणी होती, आणि ही जोडी इतकी जमली की न्याहारीची तक्रार करण्याचे कारण राहिले नाही. कॉफीविषयी मात्र चांगले बोलवत नाही.

दुपारी मोठ्या रानहंस पॅगोड्याला गेलो. सन 652 मध्ये बांधलेली ही विटांची वास्तू ह्युएन त्संगने भारतातून आणलेले ग्रंथ व मूर्ती ठेवण्यासाठी उभी राहिली. हा भिक्षू दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला, आणि तिथली माणसे उपकार करणाऱ्याशी कृतज्ञ, पण अपमान करणाऱ्याचा पिच्छा पुरवणारी आहेत असे त्याने लिहून ठेवले. तो स्वतः सम्राटाच्या परवानगीवाचून देशाची हद्द ओलांडून निघाला होता. आदल्या संध्याकाळी नोंदणीच्या टेबलाशी ताटकळलेल्या माणसाला हे आठवून थोडी असूया वाटली.

संध्याकाळी हॉटेलच्या वाय-फायवर ना व्हॉट्सअ‍ॅप उघडले, ना गूगल. चीनमधील जोडणीवर या सेवा बंद असतात. भारतीय सिमवरचे रोमिंग किंवा परदेशातून घेतलेले ई-सिम चालू केले की त्या चालतात, कारण तिथली माहिती देशाबाहेरच्या जाळ्यातून फिरून येते. वाय-फाय फुकट आणि वेगवान असले तरी घरी ‘पोहोचलो’ एवढे कळवायलाही ते निरुपयोगी ठरते. पैशांचेही तसेच. अलीपेला भारतीय बँकेचे व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येते. दोनशे युआनपर्यंतच्या व्यवहारावर आकार नाही, त्यापुढे तीन टक्के लागतात. म्हणून आम्ही मोठी खरेदी टाळत गेलो, आणि पत्नीच्या मते हा त्या नियमाचा एकमेव फायदा होता.

बुधवार

पहाटेपासून पाऊस. या भागात शरद ऋतूत दिवसचे दिवस रिपरिप चालते, असे काउंटरवर समजले. खोली गार पडली होती. भिंतीवरच्या एसीच्या पट्टीवर मी तापमान वाढवत नेले, आकडे वाढत गेले आणि हवा होती तशीच येत राहिली. विचारणा केल्यावर उलगडा झाला: सगळ्या इमारतीचे वातानुकूलन एकाच ठिकाणाहून चालते, ते एका वेळी गारवा तरी देते किंवा ऊब तरी, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर दोन्ही बंद असून फक्त पंखा चालू असतो. शिआनमध्ये घराघरांतील सार्वजनिक उष्णतापुरवठा 15 नोव्हेंबरला सुरू होऊन 15 मार्चपर्यंत चालतो. हॉटेलचे यंत्र स्वतंत्र असले तरी व्यवस्थापनही ते सुरू करायला थंडी अंगात मुरण्याची वाट बघत असावे. मग पट्टीवर तापमानाचे आकडे कशासाठी, याचे उत्तर कुणाकडे नव्हते. आणखी एक जाड रजई मिळाली. ही या हॉटेलाविरुद्धची माझी खरी तक्रार आहे, आणि वसंतात व शरदात चीनमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाने ती गृहीत धरून सामान भरावे.

बाहेर पडणे अशक्य असल्याने कपडे धुवायचे ठरले. पाचव्या मजल्यावर धुलाईची खोली होती: तीन धुण्याची यंत्रे, दोन वाळवण्याची, साबण आपोआप पडणारा आणि सगळे फुकट. पण यंत्र सुरू करायचे तर वीचॅट या चिनी संदेश-अ‍ॅपवरून कोड वाचायचा, आणि पुढे ते चिनी मोबाइल क्रमांक मागते. आमचा क्रमांक त्याला पसंत पडेना. शेजारी लान्चौ शहरातून कामानिमित्त आलेला एक तरुण आपल्या शर्टांची वाट पाहत बसला होता. त्याने आमच्या हातातला फोन पाहिला, काही न बोलता स्वतःचा पुढे केला आणि यंत्र सुरू करून दिले. कपडे झाल्याचा संदेश अर्थातच त्याच्या फोनवर गेला. तासाभराने दारावर टकटक झाली. रात्रीच्या पायजम्यात, हॉटेलच्या कागदी सपाता घालून तो तीन मजले चढून आला होता आणि फोनचा पडदा आमच्यासमोर धरून उभा होता. आम्ही त्याला चिवड्याचे पाकीट दिले. त्याने ते दोन्ही हातांनी घेतले.

इथे एक विचार मनात पक्का झाला. हे हॉटेल चालते ते चिनी ओळखपत्र, चिनी मोबाइल क्रमांक आणि चिनी वाचता येणारा डोळा या तिन्हींच्या जोरावर. ज्याच्याकडे ती आहेत, त्याला मुक्कामभर एकाही माणसाशी बोलण्याची गरज पडत नाही. ज्याच्याकडे नाहीत, त्याच्यासाठी प्रत्येक यंत्रापाशी कुणीतरी माणूस उठून उभा राहतो. व्यवस्था म्हणून हे वाईटच म्हटले पाहिजे. पण त्यामुळे आम्हाला त्या इमारतीतील जितकी माणसे भेटली, तितकी त्या लान्चौच्या तरुणालाही भेटली नसतील.

संध्याकाळी पिण्याच्या पाण्याच्या आणखी बाटल्या मागवल्या. नळाचे पाणी कुणीही पीत नाही. ते किटलीत उकळून घ्यायचे किंवा बाटलीचे प्यायचे. थोड्या वेळाने खोलीतला फोन वाजला आणि लहान मुलीच्या आवाजातली ध्वनिमुद्रित वाक्ये ऐकू आली. दार उघडले तर बाहेर कमरेइतक्या उंचीचा एक पांढरा यंत्रमानव उभा. त्याच्या पडद्यावर दोन डोळे मिचकत होते. बटण दाबल्यावर डोक्यावरचे झाकण उघडले, आत बाटल्या होत्या. त्या काढून घेईपर्यंत तो थांबला, झाकण लावले, जागच्या जागी वळला आणि लिफ्टकडे चालू लागला. मी कुतूहलाने मागोमाग गेलो. लिफ्ट आली, आत चार माणसे दाटीने उभी होती. त्याने आपल्या मंजूळ आवाजात काहीतरी विनंती केली आणि चौघेही मोबाइलवरची मान वर न करता अर्धे पाऊल मागे सरकले. बाहेरून मागवलेले जेवणही असेच वर येते, कारण दुचाकीवरचे पोरगे पिशवी स्वागतकक्षात ठेवून पुढच्या पत्त्यावर धावलेले असते.

गुरुवार

पाऊस थांबल्यावर शिआनजवळच्या लिन्तोंगला चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्यापाशी पुरलेले मातीचे सैन्य पाहून आलो. 1974 मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना त्याचा पहिला माग लागला, हे सर्वांना ठाऊक आहे. गर्दीविषयी सर्वांनी लिहिलेलेही आहे. परतताना रस्त्याच्या कडेला डाळिंबे आणि पर्सिमन विकायला होती. पर्सिमन हे फळ आपल्या टेंभुर्णीच्या वंशातले आहे, पण पिकले की हातात धरवत नाही इतके मऊ. खोलीतल्या पेल्यात ठेवून चमच्याने खाल्ले.

पेल्यांवरून आठवले. धुलाईच्या खोलीत आणि लिफ्टमध्ये कित्येक चिनी पाहुण्यांच्या हातात स्वतःची घडीची किटली किंवा एकदाच वापरून टाकायच्या चादरींचे पाकीट दिसले होते. अशा चादरी तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. यामागे कारण आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये एका चिनी ब्लॉगलेखकाने नामांकित महागड्या हॉटेलांत गुप्तपणे टिपलेले चित्रण प्रसिद्ध केले. त्यात सफाई कर्मचारी वापरलेल्या टॉवेलने आणि भलत्याच फडक्याने पेले पुसताना दिसत होते. देशभर गदारोळ उठला. आमच्या हॉटेलात चादरी स्वच्छ होत्या, न्हाणीघर कोरडे होते, नखाला लागेल अशी धूळ कुठे आढळली नाही. तरीही पाहुण्यांचा हा अविश्वास गेलेला नाही, आणि आम्हीही त्या रात्री पेले उकळत्या पाण्याने विसळूनच वापरले.

सिगारेटचा वास ही दुसरी तक्रार. आमचा मजला धूम्रपानास बंदी असलेला, दारावर तशी पाटी, खोलीत राखदाणी नाही. परंतु न्हाणीघराच्या झरोक्यातून रात्री दहानंतर दुसऱ्या कुणाची तरी सिगारेट आमच्याकडे येत असे. आवाजाचेही तेच. त्याच मजल्यावर महाजाँग या सोंगट्यांच्या चिनी खेळाची खोली होती, जिच्यातील टेबल सोंगट्या आपोआप मिसळून, रचून वर आणते. त्या मिसळण्याचा खळखळाट, मग शांतता, मग एकदम चौघांचा आरडाओरडा, असा क्रम मध्यरात्रीपर्यंत चालला. काउंटरला कळवल्यावर पाच मिनिटांत आवाज बंद झाला, हे खरे. पण कळवावे लागले हेही खरे.

शुक्रवार

चीनमध्ये बक्षिशी देण्याची रीत नाही हे वाचून ठाऊक होते, तरी सफाईवाल्या बाईंसाठी पत्नी रोज उशीवर वीसची नोट ठेवत असे आणि संध्याकाळी तीच नोट टेबलावर किटलीखाली व्यवस्थित घडी करून ठेवलेली सापडत असे. निघताना त्या बोळात भेटल्या, तेव्हा पत्नीने नोटेऐवजी तिळाच्या वड्यांचा डबा पुढे केला. तो त्यांनी घेतला, आणि ढकलगाडीवरून चहाच्या पुड्यांची एक मूठ उलट आमच्या पिशवीत टाकली.

खाली चावीचे कार्ड परत दिल्यावर मुलीने बिनतारी यंत्रावरून वर विचारणा केली. खोलीतले टॉवेल, किटली, मांडणीवरचा माल जागच्या जागी आहे ना, हे पाहून झाल्याशिवाय अनामत सुटत नाही. ज्याची गाडी चुकायला आली आहे त्याने ही पाच-दहा मिनिटे धरून चालावे. मग तिने ‘फाफ्याव’ हवे का विचारले. हे कराचे अधिकृत बिल. कामानिमित्त फिरणाऱ्या चिनी माणसाला ते खोलीइतकेच महत्त्वाचे असते, कारण त्यावाचून कचेरी पैसे परत देत नाही. निवृत्तिवेतनधारकाला त्याचा उपयोग नव्हता. अनामत सुटल्याचा संदेश तिथेच उभा असताना फोनवर आला.

शेवटी तिने थोडे संकोचून, आरक्षणाच्या पानावर चांगला अभिप्राय लिहाल का, असे भाषांतर फोनवर दाखवले. अभिप्रायांवर हॉटेलचे गुण, आणि बहुधा तिचेही, ठरत असावेत. मी तिथेच बसून मराठीत लिहिले. आचारी, सफाई, काउंटरवरचा संयम यांची स्तुती, आणि त्याखाली एसी, सिगारेटचा वास व धुलाईच्या यंत्राला लागणारा चिनी क्रमांक. तिने त्याचे भाषांतर करून माझ्यासमोरच वाचले. स्तुती वाचताना ती हसली, तक्रारींपाशी गंभीर झाली, ‘एसीचे माझ्या हातात नाही’ असे फोनवर लिहून दाखवले, आणि धुलाईच्या यंत्राची ओळ मात्र टेबलाच्या खणातून वही काढून तीत उतरवून घेतली. परदेशी पाहुण्यांसाठी काउंटरवरच्या फोनने यंत्र सुरू करून देता येईल, असे तिचे म्हणणे पडले. एवढ्यात टॅक्सी दारात आली.